कमरेला पिस्तूल लावण्याची मुभा आणि खुनांचे आकडे: अमेरिकेतला तीस वर्षांचा वाद

घरात बंदूक ठेवणे आणि भरलेले पिस्तूल कमरेला, कपड्यांआड लपवून बाजारात किंवा बसमध्ये घेऊन फिरणे या अमेरिकेत दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे कायदेही निरनिराळे आहेत. आपल्याकडच्या बातम्यांत या दोन्ही गोष्टी, शिवाय शाळांमधले गोळीबार, रायफलींवरची बंदी आणि शस्त्रांची दुकाने, असे सगळे एकाच वाक्यात येते आणि त्यातून नेमका प्रश्न काय आहे तेच हरवते. या लेखापुरता प्रश्न एकच आहे. सर्वसामान्य नागरिकांना शस्त्र बरोबर घेऊन घराबाहेर फिरण्याची मुभा सहज मिळू लागली, तर त्या राज्यातले खून वाढतात, घटतात की आहेत तेवढेच राहतात? प्रश्न एका ओळीचा असला, तरी त्यावर गेली जवळजवळ तीस वर्षे अर्थशास्त्रज्ञ, गुन्हेशास्त्रज्ञ आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक एकमेकांशी कडाक्याने भांडत आले आहेत. ते भांडण समजून घेतले की उत्तरही बऱ्यापैकी समजते.

आधी कायद्यांविषयी. अमेरिकेत हा विषय मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत येतो आणि राज्यांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात, किंवा पडत असत. पहिल्या प्रकारात सामान्य नागरिकाला असा परवाना मिळतच नसे. दुसऱ्या प्रकारात परवाना मिळे, पण तो द्यायचा की नाही हे पोलीस प्रमुख किंवा न्यायाधीश आपल्या अखत्यारीत ठरवत आणि अर्जदाराला आपल्याला शस्त्राची गरज का आहे हे पटवून द्यावे लागे. तिसऱ्या प्रकारात अर्जदाराचे वय, गुन्ह्यांची नोंद आणि थोडेफार प्रशिक्षण या अटी पूर्ण झाल्या की अधिकाऱ्याला परवाना द्यावाच लागतो, नकार देण्याचा स्वेच्छाधिकार त्याच्याकडे उरत नाही. चौथ्या प्रकारात परवान्याचीही गरज नाही. ज्याला शस्त्र बाळगण्यास कायद्याने मनाई नाही, त्याने ते कमरेला लावून खुशाल बाहेर पडावे. व्हरमाँट हे छोटे राज्य पूर्वीपासून या चौथ्या प्रकारात आहे. भारतातला १९५९ चा शस्त्र कायदा या वर्गीकरणात बसवायचा झाला, तर तो दुसऱ्या प्रकाराच्या जवळ जातो, कारण आपल्याकडेही परवाना मागणाऱ्याला जिवाला धोका असल्याचे दाखवावे लागते आणि निर्णय परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात असतो.

१९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिसऱ्या प्रकारची राज्ये मोजकीच होती. १९८७ मध्ये फ्लोरिडाने कायदा बदलला आणि वारे फिरले. जॉर्जिया आणि पेनसिल्व्हेनिया १९८९ मध्ये त्या वाटेने गेले. टेक्ससची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण या कायद्यांमागची भावना तिच्यातून कळते. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी टेक्ससमधल्या किलीन या गावी एका माणसाने आपला पिकअप ट्रक लुबीज नावाच्या गजबजलेल्या कॅफेटेरियाच्या काचेतून थेट आत घुसवला आणि जेवायला बसलेल्या लोकांवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. २३ जण मारले गेले. आईवडिलांबरोबर जेवायला आलेल्या सुझॅना हप यांच्याकडे स्वतःचे रिव्हॉल्व्हर होते, परंतु ते पर्समध्ये बाळगणे तेव्हाच्या टेक्ससच्या कायद्याने गुन्हा असल्यामुळे त्यांनी ते बाहेर उभ्या केलेल्या गाडीत ठेवले होते. त्यांचे आईवडील दोघेही त्या दिवशी मारले गेले. पुढे हप यांनी निरनिराळ्या राज्यांच्या विधिमंडळांपुढे साक्षी दिल्या आणि त्या स्वतः टेक्ससच्या विधिमंडळात निवडून आल्या. या विषयावर जनमत अजमावण्याचे विधेयक गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी १९९३ मध्ये नाकारले होते. पुढच्याच वर्षी त्यांना निवडणुकीत हरवणारे जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी १९९५ मध्ये नव्या कायद्यावर सही केली. २०१३ मध्ये इलिनॉयने न्यायालयाच्या आदेशामुळे कायदा केला, तेव्हा परवाना मुळीच न देणारे एकही राज्य उरले नाही. त्यानंतर अनेक राज्ये परवान्याची अटच काढून टाकू लागली; टेक्ससने ती २०२१ मध्ये काढली, फ्लोरिडाने २०२३ मध्ये, आणि २०२४ पर्यंत अशा राज्यांची संख्या २९ झाली.

आता खुनांचे आकडे पाहू. १९९१ मध्ये अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे ९.८ खून झाले होते. २०१४ मध्ये हे प्रमाण साडेचारच्याही खाली आले. म्हणजे ज्या काळात एकामागून एक राज्ये पिस्तूल बाळगण्याची मुभा देत गेली, त्याच काळात देशातले खुनांचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. मुभेच्या समर्थकांना यापेक्षा सोयीचा पुरावा कोणता हवा? मात्र कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली, एवढ्यावरून फांदी कावळ्याने तोडली असे म्हणता येत नाही. न्यूयॉर्क शहरात १९९० मध्ये २,२०० हून अधिक खून झाले होते आणि २०१७ मध्ये ३०० पेक्षा कमी झाले. ही घट देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि या संपूर्ण काळात न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल बाळगण्याचा परवाना मिळवणे जवळजवळ अशक्य होते. उलट २०२० मध्ये देशभरातले खून एका वर्षात जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, आणि ते कडक कायद्यांच्या राज्यांत वाढले तसेच सैल कायद्यांच्या राज्यांतही वाढले. सैल कायद्यांच्या विरोधकांनी या वाढीचे खापर त्या कायद्यांवर फोडणे हेही तितकेच चुकीचे ठरेल. खुनांचे प्रमाण लोकसंख्येतील तरुणांचा वाटा, अमली पदार्थांचा बाजार, तुरुंगातल्या कैद्यांची संख्या, पोलिसांचे काम, बेकारी अशा अनेक गोष्टींनी हलत असते. परवान्याचा कायदा हा त्या गर्दीतला एक घटक आहे आणि त्याचा वाटा वेगळा काढणे हेच खरे काम आहे.

म्हणून 'कायद्यानंतर खून वाढले का?' असे विचारून भागत नाही. टेक्ससने कायदा केलाच नसता तर टेक्ससमध्ये किती खून झाले असते, हे विचारावे लागते. तसे टेक्सस अस्तित्वात नाही आणि कधी असणारही नाही. ते कल्पनेने उभे करावे लागते, आणि ते कशाच्या आधारे उभे करायचे यावरच सगळा वाद आहे.

हे काम मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा केले ते शिकागो विद्यापीठातील जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांनी. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात १९७७ ते १९९२ या काळातल्या ३,०५४ काउंट्यांची माहिती होती. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. या काळात कायदा सैल करणाऱ्या दहा राज्यांची इतरांशी तुलना करून, आणि उत्पन्न, लोकसंख्येची रचना, अटकेचे प्रमाण यांचा हिशेब धरून, त्यांनी निष्कर्ष काढला की नव्या कायद्यांमुळे खून सुमारे ७.६५ टक्क्यांनी घटले. उरलेल्या राज्यांनीही १९९२ मध्ये असेच कायदे केले असते, तर वर्षाला सुमारे १,५७० खून टळले असते, असाही त्यांचा अंदाज होता. यामागचा तर्क सरळ होता. समोरच्या दहा माणसांपैकी कोणाच्या कमरेला पिस्तूल आहे हे गुन्हेगाराला दिसत नाही, त्यामुळे तो सगळ्यांनाच बिचकून राहतो, आणि शस्त्र न बाळगणाऱ्यालाही आपोआप संरक्षण मिळते. लॉट यांनी याच विषयावर लिहिलेले पुस्तक बंदूक समर्थकांच्या हाती आयते कोलीत ठरले आणि राज्यांच्या विधिमंडळांत त्याचे दाखले दिले जाऊ लागले.

लॉट यांच्या कामाची टर उडवणे आज सोपे आहे, परंतु ते योग्य होणार नाही. त्या काळाच्या मानाने त्यांची माहिती विपुल होती, त्यांनी ती इतर संशोधकांना तपासायला दिली, आणि त्यामुळेच तिच्यातले दोष बाहेर येऊ शकले. पहिला मोठा दोष काळाच्या निवडीत होता. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन अशा महानगरांमध्ये क्रॅक हा कोकेनचा स्वस्त प्रकार पसरला आणि त्याच्या विक्रीच्या कोपऱ्यांवरून टोळ्यांमध्ये रक्तपात सुरू झाला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९९१ साली दर लाखामागे ८० हून अधिक खून झाले. ही महानगरे ज्या राज्यांत किंवा प्रदेशांत होती तिथे बहुतेक ठिकाणी पिस्तूल बाळगण्याचे कायदे कडकच राहिले. कायदे सैल करणारी राज्ये म्हणजे आयडाहो, माँटाना, मेन, वेस्ट व्हर्जिनिया यांच्यासारखी बहुतांशी ग्रामीण राज्ये, जिथे क्रॅकची लाट फारशी पोहोचलीच नाही. मग तुलनेत काय दिसणार? कडक राज्यांमध्ये खून भराभर वाढले, सैल राज्यांमध्ये तितके वाढले नाहीत, आणि हा फरक कायद्याच्या नावावर जमा झाला. १९९० च्या दशकात क्रॅकचा जोर ओसरल्यावर कडक राज्यांमधले खून तितक्याच वेगाने खाली आले. ती वर्षे हिशेबात धरली की सैल कायद्यांचा फायदा विरघळून जातो आणि हिशेबाच्या काही मांडण्यांमध्ये तो तोट्यात बदलतो. येल विद्यापीठाचे इयन एअर्स आणि स्टॅनफर्डचे जॉन डॉनह्यू यांनी २००३ मध्ये नेमके हेच दाखवून दिले.

दुसरा दोष फ्लोरिडाचा. डॅन ब्लॅक आणि डॅनियल नेगिन यांनी १९९८ मध्ये लॉट यांचीच माहिती घेऊन, मोठ्या लोकसंख्येच्या काउंट्यांपुरता विचार करून, त्यातून फक्त फ्लोरिडा हे एक राज्य वगळले आणि पुन्हा आकडेमोड केली. खून आणि बलात्कार यांच्यावरचा परिणाम नाहीसा झाला. दहा राज्यांचा निष्कर्ष म्हणून जो सांगितला जात होता, तो एका राज्याच्या खांद्यावर उभा होता. तेही राज्य कसे, तर १९८० मध्ये क्यूबातून बोटींनी आलेल्या सव्वा लाख निर्वासितांमुळे आणि मायामीतल्या कोकेनच्या टोळीयुद्धामुळे ज्याचे खुनांचे प्रमाण आधीच आभाळाला टेकले होते आणि जे त्यानंतर खाली येणारच होते. शिवाय फ्लोरिडाने १९९० च्या सुमारास पिस्तूल विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचा आणि विक्रीनंतर काही दिवस थांबण्याचा नियमही लागू केला. घट झाली ती कोणत्या नियमामुळे, हे त्या आकड्यांतून सांगताच येत नव्हते.

२००४ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिल या मान्यवर संस्थेच्या समितीने तोवरचे सगळे संशोधन पुन्हा तपासले. लॉट यांच्याच पद्धतीत वर्षे थोडी बदलली किंवा एखादा घटक धरला-सोडला, की उत्तर अधिकचे उणे आणि उण्याचे अधिक होते असे समितीला आढळले, आणि उपलब्ध पुराव्यावरून या कायद्यांचा गुन्ह्यांवर कोणता परिणाम होतो हे ठरवता येत नाही, असा निर्णय तिने दिला. समितीत एकच मतभेद नोंदवला गेला, तो जेम्स क्यू. विल्सन या नामांकित राज्यशास्त्रज्ञाचा; बाकी गुन्ह्यांचे सोडा, खुनांपुरता तरी लॉट यांचा निष्कर्ष बऱ्याच मांडण्यांमध्ये टिकतो, असे त्यांचे म्हणणे होते. समितीच्या उरलेल्या सदस्यांनी त्यांना लेखी उत्तर दिले.

विल्सन यांनी खुनांचा मुद्दा वेगळा काढला यात एक खोच आहे, कारण खून हा गुन्हा मोजायला सोपा आणि अभ्यासायला अवघड असतो. मोजायला सोपा यासाठी, की मारामारी किंवा लूटमार झाल्याची तक्रार अनेकदा पोलिसांकडे येतच नाही, काही पोलीस खाती एफबीआयला आकडे कळवतच नाहीत, आणि काउंटीच्या पातळीवर तर ही माहिती इतकी भोकाची असते की तिच्यावर विसंबू नये असे जाणकारांनी बजावून ठेवले आहे. प्रेत मात्र लपत नाही, आणि पोलिसांच्या नोंदीखेरीज मृत्यूच्या दाखल्यांवरूनही खुनांची स्वतंत्र मोजणी होते. अभ्यासायला अवघड यासाठी, की खून संख्येने थोडे असतात. वायोमिंगची लोकसंख्या ६ लाखांहून कमी आहे. दर लाखामागे ४ खून धरले, तर वर्षाला २३-२४ खून होतात. कायद्यामुळे खून ५ टक्क्यांनी वाढले किंवा घटले, तर फरक पडणार तो जेमतेम एका खुनाचा, आणि एका कुटुंबातल्या एका भयानक घटनेनेही वर्षाचा आकडा यापेक्षा अधिक हलतो. एवढ्या गोंगाटात तेवढी कुजबुज ऐकायची तर अनेक राज्यांची अनेक वर्षे एकत्र करावी लागतात, आणि ती एकत्र करण्याच्या रीतीवर पुन्हा वाद होतात. एखाद्या अभ्यासात एकूण हिंसक गुन्ह्यांवरचा परिणाम स्पष्ट दिसतो आणि खुनांवरचा अंधूक राहतो, त्याचे हे मुख्य कारण आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या कामाची साधने सुधारली. स्पेनमधल्या बास्क प्रांताचे दहशतवादामुळे किती आर्थिक नुकसान झाले, हे मोजण्यासाठी अर्थशास्त्रज्ञांनी एक पद्धत काढली होती. ज्या प्रदेशाचा अभ्यास करायचा, त्याच्याशी घटनेपूर्वीच्या वर्षांत जुळणारे मिश्रण इतर प्रदेशांमधून ठरावीक प्रमाणात तयार करायचे, आणि घटनेनंतर खरा प्रदेश व हे मिश्रण यांच्या वाटा कुठे फुटतात ते पाहायचे. डॉनह्यू, अभय अनेजा आणि काइल वेबर यांनी २०१९ मध्ये ही पद्धत १९८१ ते २००७ या काळात कायदा सैल करणाऱ्या ३३ राज्यांना लावली. टेक्ससचे उदाहरण घेऊ. १९९६ पूर्वीच्या, म्हणजे नवा कायदा अमलात येण्याआधीच्या, टेक्ससमधल्या हिंसक गुन्ह्यांचा चढउतार हुबेहूब दाखवणारे मिश्रण निम्म्याहून अधिक कॅलिफोर्निया, सुमारे एक तृतीयांश विस्कॉन्सिन आणि उरलेले नेब्रास्का यांचे निघाले. या तिन्ही राज्यांनी पुढची दहा वर्षे कायदा सैल केला नव्हता. १९९६ नंतर टेक्ससमधले हिंसक गुन्हे कमीच झाले. नुसता आलेख पाहणारा माणूस कायद्याचे अभिनंदन करील. परंतु मिश्रणातले गुन्हे त्याहून बरेच अधिक कमी झाले, आणि दहा वर्षांनंतर खऱ्या टेक्ससमधले हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण कल्पित टेक्ससपेक्षा १६ टक्क्यांहून थोडे अधिक होते. सगळ्या राज्यांची सरासरी काढली, तर दहा वर्षांत १३ ते १५ टक्के अधिक हिंसक गुन्हे असा हिशेब आला. खुनांवरचा परिणाम या पद्धतीतून इतक्या ठामपणे सांगता आला नाही.

खुनांवरच लक्ष ठेवून झालेला अभ्यास मायकेल सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी १९९१ ते २०१५ या काळातले मृत्यूच्या दाखल्यांवरचे आकडे घेतले. ज्या राज्यांत अधिकाऱ्याला परवाना द्यावाच लागतो, तिथे एकूण खुनांचे प्रमाण ६.५ टक्क्यांनी, बंदुकीने झालेल्या खुनांचे ८.६ टक्क्यांनी आणि पिस्तुलाने झालेल्या खुनांचे १०.६ टक्क्यांनी अधिक आढळले. मला या अभ्यासात सर्वांत बोलकी वाटते ती या तीन आकड्यांची चढती रांग. कायदा पिस्तुलांविषयी आहे, आणि परिणाम पिस्तुलाच्या जितके जवळ जावे तितका मोठा दिसतो. वाढीचे कारण गरिबी किंवा अमली पदार्थ असते, तर सुरे आणि काठ्यांनी झालेल्या खुनांमध्येही तशीच वाढ दिसायला हवी होती.

याच्या उलट बाजूला काहीच नाही असे मात्र नव्हे. मार्क हॅमिल या शल्यचिकित्सकाच्या नेतृत्वाखाली २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९८६ ते २०१५ या तीस वर्षांत कायदा सैल होण्याचा आणि खुनांच्या प्रमाणाचा कोणताही लक्षणीय संबंध आढळला नाही. कार्लाइल मूडी आणि थॉमस मार्व्हेल यांनी डॉनह्यू यांच्या मिश्रणाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. लहान आणि मोठ्या राज्यांना सरासरीत सारखेच वजन देणे त्यांना मान्य नव्हते. हे आक्षेप पोकळ नाहीत. तरीही एक गोष्ट नजरेतून सुटू नये. १९९७ मध्ये वाद 'खून घटतात की नाही' असा होता, आणि आज तो बव्हंशी 'खून वाढतात की काहीच होत नाही' असा झाला आहे. बंदुकांविषयीच्या सगळ्या अभ्यासांची गुणवत्तेनुसार चाळणी करणाऱ्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने २०१८ मध्ये खुनांबाबतचा पुरावा अनिर्णीत ठरवला होता. २०२३ च्या आवृत्तीत तिने या कायद्यांमुळे एकूण खून आणि बंदुकीने होणारे खून वाढतात, या निष्कर्षाला आपल्या मोजपट्टीवरची सर्वांत वरची श्रेणी दिली. मला हे मूल्यमापन योग्य वाटते, फक्त वाढ किती यावर पैज लावू नये.

इथे कोणीही विचारील, की परवाना काढून पिस्तूल बाळगणारे लोक तर सरळमार्गी असतात, मग खून वाढतील कसे? प्रश्न रास्त आहे. टेक्ससचे सार्वजनिक सुरक्षा खाते दरवर्षी परवानाधारकांना झालेल्या शिक्षांची यादी प्रसिद्ध करते आणि त्यांचा एकूण गुन्ह्यांतला वाटा अगदी किरकोळ दिसतो. परंतु परिणाम घडण्यासाठी गोळी परवानाधारकानेच झाडायला हवी असे नाही. डॉनह्यू, फिलिप कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ४७ मोठ्या शहरांच्या नोंदी उलगडून या वाटा शोधल्या. पहिली वाट चोरीची. रोज पिस्तूल घेऊन फिरणाऱ्या माणसाला ते न्यायालयात, शाळेत, अनेक बारमध्ये आणि कित्येकांना आपल्या कचेरीतही नेता येत नाही. मग ते गाडीच्या कप्प्यात राहते, आणि गाडीची काच फोडायला चोराला क्षणभरच लागतो. किलीनमध्ये हप यांचे रिव्हॉल्व्हर कायदा कडक होता म्हणून गाडीत राहिले होते. कायदा सैल झाल्यावरही लाखो पिस्तुले रोज काही तास गाडीतच राहतात. या अभ्यासात बंदुकांच्या चोऱ्या सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या, आणि चोरीचे पिस्तूल सरळमार्गी माणसाच्या हातात जात नाही. दुसरी वाट गुन्हेगाराच्या हिशेबाची. लॉट यांच्या तर्काप्रमाणे त्याने घाबरून लूटमार सोडून द्यायला हवी होती. प्रत्यक्षात समोरचा सशस्त्र असू शकतो म्हणून तोच आधी सशस्त्र होऊन येतो, असे दिसते, कारण बंदूक दाखवून केलेल्या लुटीच्या घटना ३२ टक्क्यांनी वाढल्या. तिसरी वाट पोलिसांची. गाडी अडवली तर आत पिस्तूल असणार हे गृहीत धरून वागावे लागते, चोरीच्या शस्त्रांचे आणि गोळीबाराचे तपास वाढतात, आणि हिंसक गुन्ह्यांचा छडा लागण्याचे प्रमाण १३ टक्क्यांनी घसरले. राहिली ती रस्त्यावरची बाचाबाची, पार्किंगवरून झालेले भांडण, दारूच्या भरातली झटापट; यात हात कमरेकडे गेला की ठोशाचे प्रकरण खुनाचे होते. २०२१ मध्ये अमेरिकेत झालेल्या २६,०३१ खुनांपैकी २०,९५८ बंदुकीने झाले होते.

कायद्यातल्या बारीक अटींनाही महत्त्व आहे, आणि त्यांच्याविषयी फार कमी बोलले जाते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने १९८० ते २०१९ या काळाचा अभ्यास केला, तेव्हा कायदा सैल झाल्यावर पहिल्या दहा वर्षांत बंदुकीने केलेल्या हल्ल्यांचे प्रमाण सरासरी ९.५ टक्क्यांनी वाढलेले आढळले. परंतु सगळी राज्ये सारखी नव्हती. मारहाणीसारख्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांनाही जिथे परवाना मिळू शकत होता, तिथे वाढ बरीच मोठी होती. जिथे अर्जदाराला मैदानावर प्रत्यक्ष गोळी झाडून दाखवावी लागे, तिथे ती कमी होती. २९ राज्यांनी परवानाच रद्द केला आहे, म्हणजे या अटी लावण्याची जागाच उरलेली नाही, ही गोष्ट या निष्कर्षांशेजारी ठेवून पाहावी.

देशादेशांची तुलना करून या प्रश्नाचे उत्तर काढू नये, हेही सांगून ठेवतो. भारतात २०२२ मध्ये २८,५२२ खून नोंदले गेले, म्हणजे दर लाखामागे २.१, अमेरिकेचे प्रमाण त्या वर्षी त्याच्या जवळजवळ तिप्पट होते. यावरून आपल्या शस्त्र कायद्याची पाठ थोपटावी असे वाटू शकते. पण दोन देशांमध्ये शस्त्रांची संख्या, शहरांची घडण, टोळ्या, पोलिसांचे वर्तन हे सगळेच वेगळे असते, आणि आपल्याकडच्या गुन्ह्यांत परवान्याच्या पिस्तुलापेक्षा गावठी कट्ट्याशीच अधिक गाठ पडते. एकाच देशातल्या, एकाच काळातल्या दोन राज्यांची तुलना करतानाही किती ठेचा लागतात ते वर पाहिलेच.

या सगळ्या अभ्यासांना न्यायालयात किती किंमत आहे? २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कचा शंभराहून अधिक वर्षे जुना नियम सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. परवान्यासाठी विशेष कारण दाखवायला लावणे शस्त्रे बाळगण्याचा हक्क देणाऱ्या घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीशी विसंगत आहे, असे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी बहुमताच्या निकालपत्रात लिहिले. त्याहून दूरगामी ठरली ती त्यांनी घालून दिलेली कसोटी. बंदुकीवरचे एखादे बंधन टिकेल की नाही, हे त्याने किती जीव वाचतात यावर ठरणार नाही. तशा बंधनाची परंपरा देशाच्या इतिहासात होती का, यावर ठरेल. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी आपल्या मताची सुरुवातच २०२० मध्ये बंदुकीने मेलेल्या ४५,२२२ अमेरिकी नागरिकांच्या आकड्याने केली, ज्यात आत्महत्यांचा वाटा निम्म्याहून अधिक होता. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी आपल्या स्वतंत्र सहमतीत उलट विचारले, की न्यायालयापुढच्या प्रश्नाशी या आकडेवारीचा संबंध काय? नव्या कसोटीच्या चौकटीत त्यांचे म्हणणे बरोबरच होते. सीगल यांची चढती रांग असो की लॉट यांचे १,५७० खून असोत, घटनापीठापुढे दोन्ही सारखेच गैरलागू झाले. विधिमंडळांना मात्र ते अजून लागू आहेत. प्रशिक्षण किती, कोणाला परवाना नाही, कोणत्या जागी शस्त्र आणायचे नाही, हे राज्ये अजूनही ठरवू शकतात.

निकालाने न्यूयॉर्कबरोबर कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मेरिलँड, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई या राज्यांचेही नियम बदलले. न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथे पूर्वी जिवाला नेमका धोका असल्याचे पुराव्यानिशी दाखवल्याखेरीज परवाना मिळत नसे, आता अटी पूर्ण करणाऱ्याला तो नाकारता येत नाही. अभ्यासकांच्या दृष्टीने या सहा राज्यांना एक वेगळे मोल आहे. आजवर कायदा सैल करणारी राज्ये आपल्या मर्जीने आणि आपल्या वेळेने तो करत आली, त्यामुळे गुन्हे वाढताहेत म्हणून कायदा आला की कायदा आला म्हणून गुन्हे वाढले, ही शंका कधीच पूर्णपणे फिटत नसे. इथे राज्यांची इच्छा नसताना, बाहेरून, एकाच दिवशी बदल लादला गेला. अडचण एवढीच, की तो २०२० च्या वाढीच्या आणि त्यानंतरच्या तितक्याच तीव्र घसरणीच्या मधोमध लादला गेला. एफबीआयच्या आकड्यांनुसार देशातले खून २०२३ मध्ये ११.६ टक्क्यांनी आणि २०२४ मध्ये आणखी १४.९ टक्क्यांनी कमी झाले. न्यू जर्सीतले खून कमी झाले म्हणून कोणी नव्या नियमाला श्रेय देऊ लागला, तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, की नियम न बदललेल्या राज्यांत ते किती कमी झाले.